‘संधिसाधू संसर्ग’ला दुसरा शब्द?

शिरीषा: एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) वाटायचं पत्रक तपासतेय. त्यात ‘संधिसाधू संसर्ग’ असा शब्द आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती खालावल्यावर जंतू संधी साधतात तो संसर्ग. एका मावशींना वाचायला दिलं, तर म्हणाल्या, “सांधेदुखी का?” शेजारच्या मुलाने विचारलं, “संधिसाधू म्हणजे आम्ही का?” त्याचा प्रश्न फार लागला. दुसरा शब्द सुचवा.

रानमोगरा: शब्द चोख आहे. विशेषण जंतूचं आहे, माणसाचं नाही. पुढाऱ्यांनी बदनाम केला म्हणून चांगला शब्द टाकायचा का? हिंदीतलं ‘अवसरवादी’ तर मुळीच नको.

स्लाइडवाला: जंतूलाही तो लागू नाही. ऱ्होडोकॉकस इक्वाय घ्या. १९२३ साली स्वीडनमध्ये शिंगरांच्या न्यूमोनियात सापडला. घोड्यांची लीद पडलेल्या मातीत असतो, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) दोनशेच्या खूप खाली गेला की फुप्फुसात पोकळी करतो. बेडक्याच्या स्लाइडवर कधीकधी एएफबीसारखा, म्हणजे टीबीच्या जंतूसारखा दिसतो, मग टीबीची औषधं सुरू होतात. कल्चर लावलं की कळतं. यात त्याने साधलं काय?

गोदातीर: संस्कृतात चोराने भिंतीला पाडलेल्या भोकालाही ‘संधि’ म्हणतात. प्रतिकारशक्तीला पडलेलं भगदाड! याहून नेमका शब्द मिळणार नाही.

स्लाइडवाला: भगदाड एचआयव्ही पाडतो. हे जंतू नुसते आत शिरतात.

काठावरची: आमच्या वॉर्डात डॉक्टर, सिस्टर सगळे ‘ओआय’च (ऑपर्च्युनिस्टिक इन्फेक्शन) म्हणतात. पेशंटला मी सांगते, ‘पेशी कमी झाल्यावर होणारे आजार’. कुणी परत विचारत नाही.

रानमोगरा: ती व्याख्या झाली, संज्ञा नव्हे. उद्या पाठ्यपुस्तकात काय छापणार?

काठावरची: पत्रक पाठ्यपुस्तकासाठी नाही, त्या मुलासाठी आहे.

शिरीषा: पटतंय. पण खाली ‘मांजर पाळू नये’ असंही लिहिलंय. ते राहू द्यायचं?

स्लाइडवाला: काढा. बार्टोनेला हेन्सेली हा जंतू मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो आणि मांजराच्या ओरखड्यातून माणसाला होतो, हे खरं. अंगावर लालसर गाठी येतात, कपोसी सार्कोमा हा कॅन्सर वाटावा अशा, पण डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने बऱ्या होतात. मांजर हाकलायची गरज नाही. पिसवा मारा, ओरखडा साबणाने धुवा.

गोदातीर: आमच्याकडे ‘पिसवं’ म्हणतात.

रानमोगरा: एक पिसू, अनेक पिसवा. स्त्रीलिंगी ऊकारान्त, सासू-सासवांसारखं.

गोदातीर: मग जळू-जळवा ठीक, पण ‘वस्तू’चं ‘वस्तवा’ का होत नाही?

रानमोगरा: वस्तू तत्सम आहे. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.