अनुभव धागा: इंग्रजीत 'काल', 'गेल्या वर्षी', 'दोन दिवसांपासून' सांगताना

इंग्रजीत भूतकाळ सांगताना कुठे अडलात? मनात मराठी वाक्य कोणतं होतं, तेही लिहा. चूक तिथेच सापडते.

सुरुवात मी करते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आम्ही त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. पहिल्याच मुलाखतीत मी म्हणाले, 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन १९९८.' मनात होतं, '१९९८ साली पदवी पूर्ण केली आहे.' आपल्या 'आहे'ला सालाचं वावडं नाही. इंग्रजीत साल, 'यस्टर्डे' किंवा 'लास्ट वीक' आलं की 'हॅव' टिकत नाही, 'आय कम्प्लीटेड' म्हणायचं. समोरच्या बाईंनी हे शांतपणे समजावलं. आजही त्यांची आठवण येते.

*

इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. 'तीन दिवसांपासून दुखतंय' हे मी 'पेन सिन्स थ्री डेज' असं लिहायचे. 'सिन्स'पुढे सुरुवात हवी, 'सिन्स मंडे'. मुदत सांगायची तर 'फॉर थ्री डेज'. हे कळल्यावर एकदा घाईत लिहिलं, 'ही हॅड पेन फॉर थ्री डेज.' डॉक्टरांनी विचारलं, मग आता थांबलं का? थांबलं नव्हतं! दुखणं चालू असेल तर 'ही हॅज हॅड पेन फॉर थ्री डेज'. एका 'हॅज'वर रुग्ण दुखतोय की बरा झालाय हे ठरतं. म्हणून नव्या मराठी मुली आल्या की पहिल्याच दिवशी हे वाक्य त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेते.

*

जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. मुलं हमखास 'बिफोर टू इयर्स' लिहितात, कारण आपलं 'पूर्वी' दोन कामं करतं: 'दोन वर्षांपूर्वी' आणि 'दिवाळीपूर्वी'. मी फळ्यावर दोन्ही लिहितो. आजपासून मागे मोजायचं असेल तर 'अगो', एखाद्या घटनेच्या आधीचं असेल तर 'बिफोर दिवाळी'. आणि 'टू इयर्स अगो'चा क्रम बघा: दोन, वर्षं, पूर्वी. अगदी मराठीसारखा! हे दिसलं की मुलांचे चेहरे उजळतात. माझ्या मते व्याकरणाच्या व्याख्येआधी हेच दाखवावं.

*

मला छळायचं ते 'ऑन लास्ट संडे'. 'रविवारी'तला 'ई' मी 'ऑन' करून आणायचो. 'लास्ट' आला की 'ऑन' नको. तसंच 'यस्टर्डे मॉर्निंग' चालतं, पण रात्र असेल तर 'लास्ट नाइट', आणि आज सकाळी म्हणजे 'धिस मॉर्निंग'.

*

न्यू जर्सीहून. 'आत्ताच जेवलो' याला शाळेत 'आय हॅव जस्ट ईटन' शिकलो होतो. इथे सर्रास 'आय जस्ट एट' म्हणतात. अमेरिकेत ते बरोबरच आहे, हे कळायला मला बराच काळ लागला.

*

आमच्याकडे 'परवा'वरून घोळ होतो. मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही. दूरच्या भाचीशी इंग्रजीत बोलताना आता 'डे बिफोर यस्टर्डे' स्पष्ट म्हणते. नुसतंच 'परवा भेटले होते' असं मोघम असेल तर 'द अदर डे' छान बसतं. पण 'मघाशी'? 'अर्लियर' म्हटलं तर ते सकाळचंही असू शकतं, 'अ लिटल व्हाइल अगो' फार लांबलचक वाटतं. तुम्ही काय म्हणता?