घरून केलेल्या कामाचे पैसे 'माउस हलला नाही' म्हणून कापावेत का?

शुद्धिपत्र:
पाच महिने एका कंपनीसाठी घरून मजकूर तपासण्याचं काम केलं. नाव देत नाही. लॅपटॉपवर त्यांचं एक ॲप टाकायला लावलं होतं. ते दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घ्यायचं आणि कीबोर्ड-माउस किती वेळ हलला ते मोजायचं. माझं काम वाचायचं. अडलेला परिच्छेद तीन-तीनदा वाचावा लागतो, कधी कागदावर टिपणं काढावी लागतात. ॲपच्या लेखी हा सगळा वेळ 'निष्क्रिय'.

पहिले तीन महिने थोडे थोडे पैसे कापले गेले. नवीन काम आहे, म्हणून गप्प बसलो. चौथ्या महिन्याचे पैसे 'हिशोब चालू आहे' म्हणत लांबवले. पाचवा महिना संपल्यावर लेखी विचारलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिन बंद आणि ग्रुपमधूनही काढलेलं. मी तपासलेली पानं मात्र त्यांनी वापरली आहेत, माझ्या दुरुस्त्यांसकट.

काम पसंत करून वापरलं, तर त्याचे पैसे दिलेच पाहिजेत. बोटं किती हलली हा प्रश्न तिथे उरतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

छोटी टीम:
तुमचे पैसे अडवणं चूकच. पण ॲपबद्दल असहमत. मी स्वतः चार जणांकडून घरून काम करून घेतो. त्यातला एक जण त्याच वेळेत दुसरीकडेही काम करत होता. मला कळलं तेव्हा ग्राहक हातचा गेला होता, आणि त्या महिन्याचे पूर्ण पैसे मी देऊन बसलो होतो. समोर माणूस दिसत नाही तेव्हा मालकाने कशावर विसंबायचं? तासावर पैसे ठरले असतील तर तास मोजले जाणारच. ॲप पटत नव्हतं तर पहिल्याच दिवशी नकार द्यायचा होता.

पै पै:
@छोटी टीम, ते ॲप तास मोजतच नाही, हालचाल मोजतं. विचार करणारा माणूस त्याला झोपलेला दिसतो आणि उगाच माउस फिरवणारा कामसू. तुमचा तो माणूस दोन्हीकडे माउस हलवतच होता ना?

शिवाय कपातीलाही मर्यादा असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारात (क्रमांक ९५) कलम ८ म्हणतं की वेतनातून कपात करायची तर ती कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने ठरवलेल्या मर्यादेतच. कलम १२ नुसार काम संपलं की देणं चुकतं करायचं. त्यासाठी देशात नियम नसेल, तरी वाजवी मुदतीत. मान्यता दिलेल्या देशांनाच हे बंधनकारक आहे, पण 'ॲप म्हणालं म्हणून कापलं' हे त्यात कुठेच बसत नाही.

कलमबहाद्दर:
सगळे 'पगार' म्हणताहेत, पण करारात 'स्वतंत्र कंत्राटदार' लिहिलं असेल तर तो पगार नाही, थकलेलं बिल आहे. कामगार कायदा तिथे लागूच होत नाही. सही करण्याआधी वाचायला हवं, ही जबाबदारी आपलीच.

शुद्धिपत्र:
@कलमबहाद्दर, हो, करारात तेच लिहिलंय. पण कामाची वेळ त्यांनी ठरवलेली, सुट्टी त्यांना विचारून, दुसरं काम घ्यायला बंदी. मग स्वतंत्र कुठला?

पै पै:
नेमकं हेच पाहायचं असतं. २००६ ची शिफारस क्रमांक १९८, त्याच संघटनेची, सांगते की करारात नाव काहीही असो, नातं ठरवताना काम प्रत्यक्षात कसं होतं आणि मोबदला कसा दिला जातो हे मुख्यतः बघावं. शिफारस बंधनकारक नसते. तरी तक्रार करताना हा मुद्दा मांडाच. आणि 'कंत्राटदार' म्हणून धरलं तरी बिल बुडवायची मुभा कोणी दिली?

रात्रपाळी:
वादापेक्षा कामाचं सांगते, मी यातून गेले आहे. लॉगिन गेलं की पुरावाही जातो. पण ईमेल तुमच्या स्वतःच्या पत्त्यावर आले असतील. काम सोपवल्याचे, पोचल्याचे, 'छान झालं' म्हटल्याचे. ते तारखेनुसार लावा. आधी आलेल्या पैशांच्या बँक नोंदी जोडा, त्यावरून दर सिद्ध होतो. मग रक्कम, काम आणि शेवटची तारीख लिहून एकच मागणीपत्र पाठवा. त्यात राग नको, धमकी नको. ते पत्र पुढे कामगार कार्यालयात किंवा न्यायालयात उपयोगी पडतं. ग्राहकांची गोपनीय कागदपत्रं मात्र कुठेही जोडू नका, नाहीतर उलटा दावा लागेल.

यापुढे महिनाभर थांबू नका, पैसे दर आठवड्याला मागा. बुडाले तरी आठवड्याचेच बुडतील.

छोटी टीम:
आठवड्याचं पटलं. दोघांचाही धोका कमी होतो, मीही करून बघेन. पण ॲप काढणार नाही. फोटो बंद करेन, कामाच्या वेळेची नोंद ठेवेन.

शुद्धिपत्र:
@छोटी टीम, त्या नोंदीवरून पैसे कापणार का, ते आधीच लेखी सांगा. मला कोणी सांगितलं नव्हतं.

@रात्रपाळी, एकशे बारा ईमेल सापडले. त्यातल्या चाळीसएक ठिकाणी त्यांनी काम स्वीकारल्याचं स्वतःच लिहिलंय. पत्र आज रात्री लिहायला घेतो.