'निस्तीसिमो'ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी: मार्चअखेर आईबाबांना ग्रीसला नेतेय. दोघंही माळकरी. त्यांच्यासाठी चिठ्ठी करतेय: मेनूतला ग्रीक शब्द, शेजारी मराठी. 'लादेरा' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, 'होर्ता' म्हणजे उकडलेला रानपाला, वर तेल-लिंबू. अडलं ते 'निस्तीसिमो'वर. ईस्टरआधीच्या 48 दिवसांच्या मोठ्या उपासाला चालणारं ते निस्तीसिमो. मांस, दूध, अंडी, मासे वर्ज्य. मी 'उपवासाचं' लिहिलं होतं. पण मागच्या खेपेला अथेन्समध्ये याच मथळ्याखालच्या बशीत ऑक्टोपस आला, जांभळट, चोषकांसकट. बाबांपुढे ते आलं तर पुढे दोन दिवस बाहेरचं पाणीसुद्धा घेणार नाहीत.

सड्यावरून: 'उपवासाचं' नकोच. आई साबुदाणा शोधेल. त्यांच्या उपासाला पाव, भात, डाळ सगळं चालतं. कोळंबी, माकुल, शिंपल्याही चालतात, कारण त्यांत रक्त नाही असं धरतात. आपण 'श्रावण पाळतो' तसंच हे. 'पाळणुकीचं' लिहा.

शब्दवेडी: पाळणूक गुरांची. 'निरामिष' हा नेमका शब्द घरात असताना नवे कशाला पाडायचे?

सड्यावरून: घरात म्हणजे कोशात. मराठीत आमिष दाखवतात, खात नाहीत. आमची आजी मांसमच्छीला 'वशाट' म्हणायची. सोमवारी वशाटाचं भांडं चुलीवर चढत नसे.

शब्दवेडी: वापरला नाही तर शब्द कोशातच राहणार ना. बंगालीत 'निरामिष' आजही रोजचा आहे.

मांडवीकाठ: गोव्यात 'शिवराक' म्हणतात. हिंदू सोमवारी शिवराक जेवतो, ख्रिस्ती शेजारी गुड फ्रायडेला. मूळ शब्द जैनांचा 'श्रावक'.

शब्दवेडी: मला 'शिवरात्र' जवळची वाटते.

मांडवीकाठ: मग 'त्र'चा 'क' कसा झाला ते सांगा. श्रावक, श्रवक, शिवराक. 'र' नि 'व' यांची अदलाबदल बोलीत नेहमीची.

ओसरी: पण चिठ्ठीत काय लिहू? ऑक्टोपस 'शिवराक'मध्ये बसतो का?

मांडवीकाठ: मुळीच नाही. पण द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळलेले 'दोल्मादेस' बसतात. बिनखिम्याच्या दोल्मादेसना तिकडे 'यालांजी' म्हणतात. शब्द तुर्की, अर्थ 'खोटारडा'.

शब्दवेडी: म्हणजे मांस नसेल तर पदार्थ खोटा? आपल्याकडच्या 'मांसाहारी'ला तरी कोणी 'खरा' म्हणत नाही.

सड्यावरून: आमच्याकडे म्हणतात. वशाट नसेल तर पाहुणा जेवलाच नाही.