जिप्सीमध्ये एस्टीमचे इंजिन बसवावे का?

प्रश्न (ठाणे):
माझ्याकडे २००३ ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची) मारुती जिप्सी किंग आहे. घोडबंदर रस्त्याला गायमुखच्या चढावर रेडिएटरचा होज फुटला आणि ते लक्षात येईपर्यंत इंजिन इतके तापले की हेड (सिलिंडरांवरचे झाकण) वाकले व दोन सिलिंडरांच्या बोअरवर ओरखडे पडले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मारुतीच्याच एस्टीम मोटारीचे चालू इंजिन मिळते आहे. दोन्ही इंजिने १२९८ सीसीची, सोळा व्हॉल्व्हची, जी१३बीबी याच मॉडेलची असल्याने ते सरळ बसेल, असे विक्रेता म्हणतो. हे खरे आहे का? आरटीओत काय करावे लागेल?

उत्तर (ऐरोली):
ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागाची, घडण एकच आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी. तरीही ते सरळ बसणार नाही. एस्टीमचे इंजिन आडवे असते, तर जिप्सीत ते गाडीच्या लांबीला धरून असते आणि त्याच्याखाली पुढच्या अ‍ॅक्सलला वरखाली होण्यास जागा लागते. म्हणून इंजिनाखालचे ऑईल चेंबर जिप्सीचेच हवे. चेंबरबरोबर आतली तेल ओढणारी सक्शन पाइपही जिप्सीचीच घाला, नाहीतर तिचे तोंड तेलात नीट बुडणार नाही आणि चढावर ऑईल प्रेशर जाऊन बेअरिंगे खराब होतील. ही चूक मी स्वतः पाहिली आहे, म्हणून आग्रहाने सांगतो. फ्लायव्हील, क्लच, माउंटिंगचे ब्रॅकेट, वायरिंग व ईसीएमही (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) जुनेच ठेवावे.

उत्तर (नेरुळ):
इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो आणि तो आरसीशी जुळला नाही, तर पासिंग अडते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि मान्यतेशिवाय बदल झाला असेल, तर त्याची माहिती १४ दिवसांत त्याला द्यावी लागते. एस्टीमच्या इंजिनाला ही मान्यता मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वीच आरटीओत विचारावे. इंजिन क्रमांक लिहिलेले बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय व्यवहार करू नये, आणि विमा कंपनीलाही कळवावे.
माझे मत मात्र वेगळे आहे. ब्लॉकला तडा नसेल, तर तो बोअर करून (सिलिंडर किंचित मोठे कोरून) ओव्हरसाइज पिस्टन घालावेत. क्रमांक तोच राहतो. हेड तेवढे बाहेरून घ्यावे.

प्रश्नकर्ता:
आज लेथवाल्याकडे ब्लॉक तपासून घेतला, तडा नाही. विक्रेता हेड सुटे देण्यास तयार आहे, तेव्हा शनिवारी जुने हेड बरोबर नेऊन गॅसकेटची भोके आणि डिस्ट्रिब्यूटरची (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) जागा ताडून पाहीन.