माशांच्या टाकीत दिसला तो म्युऑनच का?

फोंडेकर_बाप:
पोरगी दहावीत. चवथीच्या सुट्टीआधी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिनं क्लाउड चेंबर करायला घेतलंय, म्हणजे न दिसणाऱ्या कणांची वाट धुक्यात रेघेसारखी दाखवणारी पेटी. माशांची रिकामी टाकी उलटी, आत वर आयसोप्रोपिलनं भिजवलेलं फेल्ट, तळाला काळा पत्रा, त्याखाली ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). तो मी पणजीहून आणला, गाडीच्या काचा उघड्या ठेवून, पावसात भिजत. तासभर नुसतं धुकं. सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा पेजेची वाफ बरी! मग दिवे घालवून टॉर्च आडवा धरला, तर काही जाड अळ्या आणि एकदोन बारीक रेघा दिसल्या. यातला म्युऑन, म्हणजे आकाशातून येणारा तो इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, कुठला? आणि हे आकाशातून फुकट पडतंय, तर कण आदळवायला जिनिव्हाजवळ २७ किलोमीटरचं भुयार कशाला?

निवृत्त_मास्तर:
जाड अळी म्हणजे अल्फा कण, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा. वेडीवाकडी वळणं घेणारा तो मंद इलेक्ट्रॉन. ताणलेल्या दोऱ्यासारखी रेघ बहुधा म्युऑनची. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक जातात, पण धुक्याचा कामाचा थर पत्र्यालगत जेमतेम बोटभर. उभा आलेला म्युऑन त्यात ठिपक्याएवढाच दिसतो, तिरका आला तरच लांब रेघ. टाकीच्या कडा टेपनं बंद करा, बाहेरची हवा शिरली की धुकं ढवळतं.

मानशीवरचा:
भुयाराचं सांगतो. आकाशातले काही कण एलएचसीतल्या, म्हणजे त्या भुयारातल्या यंत्रातल्या, कणांपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे असतात, पण कधी, कुठे आदळतील त्याचा नेम नाही. ते म्हणजे गळ टाकून बसणं. एलएचसी म्हणजे खाजनाची (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताची) मानस, बांधातलं पाण्याचं दार: भरती-ओहोटीची वेळ माहीत, जाळं आधीच लावलेलं. तिथे प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात. तरी हिग्ज नावाचा कण शंभर कोटींहून जास्त टकरींत एखादाच, म्हणून तो सापडायला २०१२ पर्यंत थांबावं लागलं. गळ वाया जातो असं मात्र नाही. म्युऑन मुळात सापडला तो आकाशातल्या कणांतच, १९३६ साली.

फोंडेकर_बाप:
मास्तर, टेप लावली. रात्री दहा मिनिटांत सात लांब रेघा, मोजल्या सासूबाईंनी! मानशीवाले, तुमची मानस पोरीनं फलकावर काढलीय. आता प्रदर्शन सहा तासांचं, आणि आमचा ड्राय आइस तीन तासांत संपतो. फोंड्याच्या आसपास कुणाकडे मिळेल?