'लाईट गेली' हे चुकीचं मराठी आहे का?

मिरजेचा बाप
चौथीतल्या लेकीनं निबंधात लिहिलं, "जेवताना लाईट गेली, मग आजीनं कंदील लावला." बाईंनी 'लाईट'भोवती लाल गोल काढून शेजारी 'वीज' लिहिलं. पोरगी मला विचारते, "पप्पा, वीज जाते कुठं? ती तर पडते ना?" माझं म्हणणं, गोल काढायची गरज नव्हती. लाईट आता मराठीच झाली. पटत नसेल तर बोला.

वाईकर मास्तर (निवृत्त)
बाई बरोबर आहेत. या एका लाईटनं किती शब्द गिळले मोजा: वीज, दिवा, उजेड, हलकं, फिकट. परवा रंगाच्या दुकानात एक तरुण "लाईट हिरवा" मागत होता. पोपटी हवा की शेवाळी, ते दुकानदाराला चार डबे उघडून विचारावं लागलं. "मनावर घेऊ नकोस" जाऊन "लाईट घे" आलं. ज्या वाईत मराठी विश्वकोश घडला तिथंच हे ऐकतोय.

तासगावचा बागायतदार
मास्तर, रामराम. रंगाचं तुमचं मान्य. पण आमच्याकडं 'वीज' म्हटलं की माणूस आधी आभाळाकडं बघतो. वळवाच्या पावसात शेजारच्या नारळावर वीज पडली, डीपी जळाला आणि चार दिवस लाईट नव्हती. हे तुमच्या मराठीत लिहा बघू. "वीज पडली म्हणून वीज गेली"?
आणि उजेड कुणी गिळला? सिंगल फेज असली की घरात टीव्ही चालतो, मोटर उचलत नाही. थ्री फेजची पाळी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला बॅटरी घेऊन बागेत जातो तेव्हा बॅटरीचा 'उजेड'च पाडतो. व्होल्टेज पडून बल्ब लालसर झाला की आई म्हणते, "लाईट हाय, पर उजेड न्हाई." आता बोला.

पाटण खोरं
+1. कोयनेच्या पाटीवर 'जलविद्युत प्रकल्प', क्षमता 1,960 मेगावॅट. गावात विचारा, "धरणाच्या पाण्यावर लाईट तयार करत्यात."

शब्दवेडी, सातारा
मास्तर, एक गंमत सांगते, रागावू नका. इंग्रजीतसुद्धा लाईट हा एक शब्द नाही, दोन आहेत. स्पेलिंग तेवढं एक. उजेडाचा लाईट हा लॅटिन 'लुक्स'चा आणि आपल्या संस्कृत 'रुच्' धातूचा, म्हणजे 'रोचन'वाल्या घरचा भाऊबंद. वजनाचा लाईट मात्र 'लघु'च्या घरातला. त्याच 'लघुक'चं प्राकृतात उलटंपालटं होऊन 'हलुअ' झालं आणि त्यातून आपला 'हलका'. म्हणजे तुमचा हलका आणि त्यांचा लाईट चुलत-चुलत भाऊ निघाले! फुफ्फुसाला 'लंग' म्हणतात तेही याच हलकेपणावरून. तिकडचे खाटीक जनावराच्या फुफ्फुसांना 'लाईट्स' म्हणत आलेत.
आणि 'वीज' तरी कुठं तारेतून वाहायला जन्मली? विद्युत् म्हणजे आभाळात चमकणारी. तारेतल्या करंटला ते नाव आपण नंतर दिलं. एक उसनं अर्थानं, एक उसनं शब्दानं.

वाईकर मास्तर (निवृत्त)
ताई, भाऊबंदकी पटली. पण अर्थ वाढवणं आणि शब्द आणणं यात फरक आहे. घरातल्याच भांड्यात नवा पदार्थ शिजवला तर भांडं आपलंच राहतं. बागायतदारांचं नारळाचं वाक्य मात्र अडतं, कबूल. मी "वीजपुरवठा खंडित झाला" लिहीन.

तासगावचा बागायतदार
मास्तर, तेवढं म्हणेपर्यंत लाईट परत येती.

कराडची सूनबाई
मला वाटतं निबंधात वीज, बोलताना लाईट. पण बाईंनी खोडण्याआधी पोरीला विचारायला हवं होतं. एक अजून. माहेरी सांगलीत आम्ही 'लाईट गेली' म्हणायचो पण 'लाईट लावला'. पुरवठा बाई, दिवा बाप्या. परका शब्द असा वाटून घेतला असेल तर तो परका कसला?

मिरजेचा बाप
बरोबर! आमच्यातही "लाईट लावला".

पाटण खोरं
कोण लावतंय 'लावला'? आमच्याकडं "लाईट लावली"च.

कराडची सूनबाई
सासरीही 'लावली'च. पहिल्या दिवाळीला मी "लाईट लावला" म्हणाले तर नणंद अजून चिडवते.