मदत हवी आहे: धुण्याआधी कपडे वेगळे काढायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

आईचं उजवं मनगट मोडलंय. प्लास्टर निघेपर्यंत घरातलं धुणं माझ्याकडे आहे. माणसं चार, आठवड्यातून तीनदा मशीन लागतं. आजवर मी फक्त वाळलेले कपडे दोरीवरून काढायचो, त्यामुळे अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल.

पांढरे वेगळे आणि रंगीत वेगळे, एवढं माहीत होतं. ते पाळलं. तरीही आईचा फिकट पिवळा सुती गाऊन निळसर झाला. सगळीकडे सारखा नाही, खिशाच्या कडेला आणि खालच्या दुमडीवर निळे पट्टे उमटलेत. त्याच खेपेत माझी नवी जीन्स होती. दोन्ही रंगीतच, म्हणून एकत्र टाकली. पुढच्या खेपेला काळ्या पँटवर टॉवेलची पांढरी तुसं अशी चिकटली की ब्रशनेही निघेनात. मुलीचा लोकरीचा स्वेटर तर तिला होईनासाच झालाय. बाह्या कोपराच्या जरा खाली येतात आणि वीण घट्ट, जाड झालीय.

आईला विचारलं तर म्हणते, "हाताला कळतं रे." तिच्या हाताला खरंच कळतं. ती ढिगासमोर बसून एकेक कपडा उचलायची, कॉलर बघायची, खिसा चाचपायची, उलटा करायची आणि बाजूला टाकायची. कुठे थांबून विचार करताना मी तिला पाहिलेलं नाही. गाऊन बघून ती काही बोलली नाही, पण तो तिच्या आवडीचा आहे आणि मला फार वाईट वाटतंय.

तो सुधारेल का? आणि ढीग नेमके कशावरून करायचे? प्रत्येक प्रकाराचा वेगळा ढीग केला तर एकाही ढिगाने मशीन भरत नाही.

प्रतिसाद १

गाऊन वाळला असेल तरी आधी पुन्हा ओला करा आणि इस्त्री अजिबात फिरवू नका. उपाय रंगकामातले कुणी सांगतील, मी ढिगांचं सांगते. तीस वर्षं चार ते सात माणसांचं धुणं केलंय.

ढीग करताना मी बघते ते एवढंच: कोण सोडतं आणि कोण धरतं. नवी जीन्स, गडद लाल, मरून, काळा हे रंग सोडणारे. पांढरे आणि फिकट ते धरणारे. तुमचा पिवळा गाऊन रंगीत असला तरी धरणाऱ्यातला, म्हणजे तो पांढऱ्यांच्या शेजारी बसतो. टॉवेल तूस सोडतो. काळी पँट, कॉर्डरॉय आणि बरेचसे सिंथेटिक कपडे ते धरतात. त्यामुळे रंग जुळला तरी त्यांना एकत्र टाकायचं नाही. खिशात कागदी रुमाल राहिला की तोही तूसच सोडतो, म्हणून आई खिसे चाचपते.

मळाचंही तसंच. पायपुसणं, पुसायची फडकी, चिखलाचे मोजे यांची घाण पाण्यात उतरते आणि बाकीच्या कपड्यांवर थोडी बसते. गडद रंग मळखाऊ असतो, म्हणून गडद कपडा स्वच्छच आहे असं समजू नका. कॉलर आणि काखेची बाजू उजेडात बघा.

आणि वजन. जीन्स जड, तिची चेन उघडी राहिली तर पातळ कपड्याला घासते, धागे ओढते. चेन, हुक लावून घ्या, जीन्स आणि छापील टीशर्ट उलटे करा, नाजूक आणि लांब बंदांचे कपडे जाळीच्या पिशवीत घाला. आई उलटे करायची ते उगाच नाही. घासलं जातं ते आतल्या बाजूला, बाहेरचा रंग टिकतो.

प्रतिसाद २

मी कापडाच्या रंगाई विभागात काम केलंय, म्हणून थोडं कारणांविषयी.

जीन्सची नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या थरावरच बसते. घासलं की निघते. म्हणून तुमचे पट्टे कडांवर आणि दुमडीवर आले, घासणं तिथे जास्त होतं. मरून, लाल सुती कपड्यांची गोष्ट वेगळी: रंगवल्यावर जो जास्तीचा रंग धाग्याला पक्का चिकटलेला नसतो, तो पहिल्या काही धुण्यांत सुटतो. घरी मीठ किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून विकत आणलेल्या कपड्याचा रंग पक्का होत नाही. त्यावर विसंबून नवा लाल कपडा पांढऱ्यांत टाकू नका. सुरुवातीच्या तीन-चार खेपा तो एकटा किंवा तितक्याच गडद कपड्यांबरोबर थंड पाण्यात धुवा.

संशय असेल तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर जोरात दाबा, थोडा घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा सोडणारा.

गाऊनसाठी ऑक्सिजन ब्लीच वापरा. डब्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. आधी आतल्या पट्टीच्या कोपऱ्यावर करून बघा, पिवळा उडत नाही ना. मग डब्यावरच्या मापाने, लेबल परवानगी देईल तितक्या कोमट पाण्यात काही तास भिजवा आणि पुन्हा धुवा. एकदा करून निळा पूर्ण गेला नाही तर परत करा. क्लोरीनचं ब्लीच गाऊनचा पिवळाही नेईल. ते ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा आम्लाच्या क्लीनरमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. लोकर आणि रेशमाला दोन्ही ब्लीच चालत नाहीत.

स्वेटरबद्दल वाईट सांगतोय. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ऊब, पाणी आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, म्हणून कापड आटून घट्ट होतं. ते सहसा मागे येत नाही. लोकर कायम वेगळी ठेवा, तिचं वेगळं लिक्विड वापरा आणि न पिळता आडवी वाळवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. "कोण सोडतं, कोण धरतं" हे वाचून मी लगेच टोपलीपाशी गेलो. मरून टॉवेलवर ओला रुमाल दाबला आणि रुमाल गुलाबी झाला. वर्षभर वापरातला टॉवेल! त्याला मी पांढऱ्या बनियनबरोबर टाकणार होतो. लेबलवरची चिन्हंही सांगाल का? तो टब, त्रिकोण वगैरे.

प्रतिसाद १

टबातला आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती अंशाचं पाणी चालेल ते. ४० लिहिलं असेल तर ३० चालतं, ६० नाही. टबाखाली एक रेघ म्हणजे मशीन हळू, दोन रेघा म्हणजे अगदी हळू. टबात हात म्हणजे हातानेच धुवायचं, टबावर फुली म्हणजे पाण्यात धुवायचंच नाही. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनातला गोल ड्रायरचा. मुलीच्या स्वेटरचं लेबल बघा, हाताचं किंवा रेघांचं चिन्ह असणार.

मशीन भरत नाही म्हणालात, त्यावर मी धुण्याचा दिवस बदलते, ढीग नाही. चादरी, रंग न सोडणारे टॉवेल, अभ्रे एका दिवशी, गरम पाण्यात. अंगावरचे गडद दुसऱ्या दिवशी. फिकट साठायला वेळ लागला तर लागू दे, ओलसर मात्र साठवू नका, वास येतो. घरात आजारी कुणी असेल तर त्याचं अंथरूण लगेच, वेगळं आणि चालत असेल तर ६० अंशावर. रक्ताचा डाग असेल तर आधी थंड पाणी, गरम लावलं की तो बसतो. आणि ड्रम गच्च भरू नका, वर हात सहज फिरला पाहिजे.

धागाकर्ता

गाऊन दोनदा भिजवला. दुमडीवरचे पट्टे गेले, खिशाच्या कडेला फिकट छटा आहे, ती मुद्दाम बघितली तरच दिसते. आईने आज तो घातला. स्वेटर मुलीने उशीसाठी मागितलाय.

एक राहिलं. पांढरे अभ्रे आहेत, त्यांच्या कोपऱ्यांवर लाल धाग्याची नक्षी आहे. हे कुठल्या ढिगात?

प्रतिसाद २

लाल धाग्यावर ओला रुमाल दाबा, दोन मिनिटं तसाच ठेवा. काहीच लागलं नाही तर पांढऱ्यांत, पण थंड पाण्यात, भिजत न ठेवता. मशीन थांबल्याबरोबर काढून वाळत घाला, कारण ओल्या गोळ्यात पडून राहिलं की रंग शेजारच्या घडीवर उतरतो. रुमालाला रंग लागला तर अभ्रे हाताने, एकेक, पाण्यातून झटपट काढा.